वेल्डच्या शेजारीच गंज का धरतो?
स्टेनलेस स्टील म्हणजे गंजणारच नाही, हे आधी डोक्यातून काढ. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो. सगळी राखण त्याचीच. मालवणसारख्या किनाऱ्यावर रेलिंग करायचं असेल तर ३०४ नंबरचा ग्रेड, म्हणजे स्टीलचा प्रकार, नको, ३१६ घे. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे पडणारी बारीक छिद्रं बरीच रोखतं. पूर्णपणे नाही, दुकानदार काहीही सांगो.

पण नुसता ग्रेड बघून भागत नाही. वेल्डिंग करताना सांध्यालगतचा पट्टा साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये रेंगाळला, की धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो. सीमेलगतचं क्रोमियम घटतं आणि गंज नेमका तिथूनच आत शिरतो. मालासोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर मात्र सगळं चोख! म्हणून वेल्ड करायचं असेल तर ‘एल’ ग्रेड माग, म्हणजे कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. पातळ पत्र्याला एवढी धास्ती नको, तो लवकर थंड होतो.

वेल्डनंतरचा निळसर डाग पिकलिंग पेस्टने, म्हणजे धातू साफ करायच्या आम्लाच्या लेपाने, काढ, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच. त्यात बहुतेकदा हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. आणि साध्या लोखंडावर फिरवलेला वायर ब्रश स्टेनलेसला अजिबात लावू नकोस.