जुनी मराठी एमपीथ्री गाणी कॉम्प्युटरवर लावली की नावांच्या जागी ????? दिसतं, क्रमही उलटसुलट होतो. कोणता प्लेअर वापरावा?

प्लेअर बदलून तुमची प्रश्नचिन्हं जाणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. इथल्या बाकीच्या उत्तरांत 'व्हीएलसी टाका, विषय संपला' असं लिहिलंय. व्हीएलसी चांगलाच आहे, जवळजवळ काहीही वाजवतो, पैसे लागत नाहीत. पण प्रश्नचिन्हं फाइलच्या आतच लिहिली गेली असतील तर तो दुसरं काय दाखवणार?

गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती फाइलच्या आतच लिहिलेली असते, तिला टॅग म्हणतात. एमपीथ्रीचा जुन्या पद्धतीचा टॅग फाइलच्या अगदी शेवटी असतो, पुरा १२८ बाइटांचा. त्यात गाण्याच्या नावाला मिळतात ३० बाइट. इंग्रजीत ती ३० अक्षरं झाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत) ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगळी मोजली जातात. 'ज्ञानेश्वर' एवढं लिहिलं की तीसच्या तीस बाइट संपले, 'माउली' लिहायला जागा नाही. हा टॅग ज्यांनी बनवला त्यांच्या डोळ्यांसमोर आपली भाषा नव्हतीच.

त्याहून मोठी भानगड विंडोजमधली. युनिकोड (सगळ्या लिप्यांची मिळून एकच अक्षरयादी) न कळणारे जुने प्रोग्रॅम अक्षरं कोडपेजमधून, म्हणजे एकेका लिपीच्या छोट्या यादीतून, घेतात आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोडपेज कधी नव्हतंच. तेलुगू आणि कन्नडलाही नव्हतं. म्हणजे आमच्या सोलापुरात एका गल्लीत ऐकू येणाऱ्या तिन्ही भाषा बाद. असा प्रोग्रॅम टॅग सेव्ह करताना न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. मूळ अक्षर कायमचं गेलं. तेव्हा आधी एवढं करा: एमपीथ्रीटॅग नावाचा प्रोग्रॅम घ्या, त्यात ती फाइल उघडा. तिथे नाव नीट दिसलं तर दोष तुमच्या प्लेअरचा, तो बदला. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर नावं पुन्हा हाताने टाकण्याला पर्याय नाही.

प्रश्नचिन्हांऐवजी रोमन ए, त्यावर तिरकी रेघ, शेजारी येनचं नाहीतर चलनाचं बारकं चिन्ह, असं पुन्हापुन्हा दिसत असेल तर खुशाल राहा. ते मराठीच आहे, चुकीच्या कोडपेजमधून वाचलेलं. एमपीथ्रीटॅगमध्ये कोडपेज बदलायची सोय आहे, बहुतेक वेळा नावं परत जुळतात. आणि रोमन अक्षरांचा निव्वळ कचरा दिसत असेल तर कुणीतरी डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार. त्याला फॉन्ट कन्व्हर्टर लागतो.

आता मी या भानगडीत एवढा खोल का उतरलो ते सांगतो, कारण क्रम बिघडण्याचं उत्तर त्यातच आहे.

माझे वडील, अण्णा, यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग चालू ठेवणारे, दुरुस्त करणारे) होते आणि साखर पेठेतल्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मंडळ अस्सल सोलापुरी. अभंग मराठीत चालू असताना कुणीतरी सिद्धरामेश्वरांचं कन्नड वचन धरायचं, आणि श्रावणात मार्कंडेयाचा रथोत्सव जवळ आला की तेलुगू भजनं सुरू व्हायची. हे सगळं अण्णांनी टेपवर भरून ठेवलेलं. लोखंडी पेटीभर कॅसेटी, आणि प्रत्येकीच्या कव्हरवर बॉलपेनने ठिकाण, तिथी, गायला कोण, पेटीवर कोण, बाजू अ, बाजू ब. अण्णांचं अक्षर कारखान्यातल्या बिमाच्या (मागाच्या सुताच्या रुळाच्या) चिठ्ठीवरही असंच असायचं, एका ओळीत, खाडाखोड नाही.

अण्णा गेल्यावर त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, नवी पेठेतून आणलेली स्टिरिओ केबल मागच्या निळ्या लाइन-इनला लावायची (गुलाबी माइकच्या भोकात लावू नका, तिथे सिग्नल आणखी फुगवला जातो आणि आवाज फाटतो) आणि ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करायचं. कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसायचंच, त्याला लवकरचा मार्ग नाही. सी-९० असेल तर एका बाजूला ४५ मिनिटं. रोज रात्री जेवण झालं की मी तेवढंच करायचो.

नावं मी अण्णांच्याच पद्धतीने दिली. एका कॅसेटला एक फोल्डर, फोल्डरचं नाव कव्हरवर होतं तेच, आत बाजू अ आणि बाजू ब, त्यांच्या आत ०१, ०२, ०३. फोल्डर उघडला की कॅसेट हातात घेतल्यासारखं वाटायचं. आईला माउस धरता येत नव्हता, पण स्क्रीनवर बोट ठेवून ती सांगायची, हे लाव.

मग गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, आक्का आणि दाजी आले. दाजी पुण्यात आयटीत. आम्ही सगळे होम मैदानावर गेलो होतो, दाजींना गर्दी आवडत नाही म्हणून ते घरी थांबले. परत आलो तर म्हणाले, "तुझी गाणी फार विस्कळीत होती. चांगला प्लेअर टाकून दिलाय, लायब्ररी आपोआप लावून घेतो." प्लेअरचं नाव इथे घेत नाही, पण तेव्हा तो घरोघरी होता. त्याच्या सेटिंगमध्ये 'फोल्डर ऑर्गनाइज करा' अशी खूण होती आणि दाजींनी ती लावली होती.

माझ्या फाइलींमध्ये टॅग नव्हते, सगळी माहिती फोल्डरच्या नावात. त्या प्लेअरने फोल्डरची नावं वाचलीच नाहीत. टॅग रिकामा, म्हणजे कलाकार अज्ञात, अल्बम अज्ञात. सगळ्या कॅसेटींमधली सगळी भजनं उचलून त्याने 'अननोन आर्टिस्ट', त्यात 'अननोन अल्बम' अशा एकाच ठिकाणी नेऊन टाकली. एका नावाच्या दोन फाइली चालत नाहीत, म्हणून ०१, मग ०१ १, मग ०१ २, अशी ओळ खालपर्यंत. अण्णांनी लिहिलेली नावं असलेले फोल्डर मागे राहिले, आतून रिकामे.

मी खुर्चीवर बसून ती यादी वरखाली करत होतो. दाजी मागून म्हणाले, "आवाज तर सगळा आहे ना?"

आवाज होता. पण कुठल्या गुरुवारचा, कुणाच्या घरचा, गळा कुणाचा, हे सगळं गेलं होतं. माझ्या दृष्टीने रेकॉर्डिंग म्हणजे ते सगळं मिळून.

सुटका झाली ती तारखेमुळे. फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवली तरी तिची 'डेट मॉडिफाइड' बदलत नाही, आणि नशिबाने त्या प्लेअरने फाइलींच्या आत काही लिहिलेलं नव्हतं. त्या तारखेप्रमाणे लावल्यावर ज्या रात्री जी कॅसेट मी भरली होती ती एका गठ्ठ्यात, ओळीने आली. तरी कॅसेट कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते ते कानानेच ठरवावं लागलं. एका कॅसेटची खूण मला पाठ होती. त्या रात्री भजन चालू असताना वीज गेली होती. टेप विजेवर, त्यामुळे भरताना पट्टी मंदावत मंदावत थांबली. ऐकताना त्याचं उलट होतं, नीट चाललेला अभंग एकदम चढायला लागतो, पखवाज घाईला येतो, गळे बारीक होत जातात आणि खट्. ते खट् सापडलं आणि मग मागची-पुढची दोन्ही फोल्डर जुळली.

दाजींचं म्हणणं आजही तेच आहे: टॅग नव्हते म्हणून झालं, प्लेअरने नियमाप्रमाणेच केलं. मला हे मान्य नाही. प्लेअरचं काम वाजवणं. फाइल कुठे ठेवायची, तिला काय म्हणायचं हे ज्याची फाइल तो ठरवेल. कपडे धुवायला दिले म्हणून धोब्याने आमचं कपाट लावायचं नसतं.

आणि टॅग भरले असते तरी काय मोठं झालं असतं? त्या लायब्ररीच्या कल्पनेतच खोट आहे. एक कलाकार, एक अल्बम, बारा गाणी, हा तिकडच्या बॅन्डचा हिशेब. आकाशवाणीवर भावगीत लागायच्या आधी गीत कुणाचं, संगीत कुणाचं आणि गायलंय कुणी, तिन्ही नावं सांगतात. आपण गाणं तसंच लक्षात ठेवतो. नव्या टॅगमध्ये कवीला आणि संगीतकाराला वेगळे रकाने आहेत, पण बहुतेक प्लेअर यादी लावतात ती एकट्या कलाकारावर. त्यातही 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे त्यांच्या लेखी तीन वेगळे गायक. भजनी मंडळात तर कलाकार म्हणून कुणाचं नाव घालायचं? धरणाऱ्याचं की झेलणाऱ्यांचं?

तर तुमचा क्रम. प्लेअर फाइलच्या नावाकडे न बघता टॅगमधला ट्रॅक नंबर बघतोय, किंवा नंबरच नाही म्हणून गाण्याच्या नावाने लावतोय. नावात आकडे असतील तर आधी शून्य लावून घ्या, ०१, ०२ असे, नाहीतर काही प्लेअर १ नंतर १० घेतात. फाइलींची नावं शाबूत असतील तर एमपीथ्रीटॅगमध्ये फाइलच्या नावावरून टॅग भरायची सोय आहे, एका झटक्यात शेकडो फाइली होतात. टॅग लिहिताना सेटिंगमध्ये टॅगची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडा, विंडोजला आणि जुन्या यंत्रांना तेच सगळ्यात नीट वाचता येतं. प्लेलिस्ट सेव्ह कराल तर एम३यू८ या प्रकारात करा. साध्या एम३यूमध्ये मराठी नावांची पुन्हा प्रश्नचिन्हं होऊ शकतात आणि मग प्लेअर म्हणतो फाइल सापडत नाही.

मी स्वतः फूबार२००० वापरतो. दिसायला रुक्ष आहे, पण फोल्डर जसा आहे तसा दाखवतो आणि न विचारता कशाला हात लावत नाही. शिवाय सलग भजनात दोन फाइलींच्या मध्ये खंड पडत नाही. एमपीथ्री आवाजाच्या ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बनते, एक ठोकळा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाणं ठोकळ्यात पुरेपूर बसत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांतता भरली जाते. लेम हा एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम ती किती भरली हे फाइलमध्येच लिहून ठेवतो, फूबार ते वाचून तेवढं कापतो. व्हीएलसीत मात्र एका फाइलवरून दुसरीवर जाताना खळ पडतो. अभंगाच्या ऐन रंगात तो खळ मला सहन होत नाही.

कुठलाही प्लेअर टाका, पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन ऑर्गनाइज, रीनेम, रीअरेंज, 'इंटरनेटवरून माहिती घ्या' अशा खुणा काढा. शेवटची तर नक्कीच. साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं बहुधा नसतातच. प्लेअर गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखू पाहतो आणि तुमच्या मराठी सीडीवर भलत्याच सीडीची नावं चढवतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून शोधतो, ते जास्त भरवशाचं, पण गल्लीतलं भजनी मंडळ त्यालाही सापडणार नाही.

दाजींचा हल्लीचा मुद्दा असा, की आता सगळं ऑनलाइन मिळतं, फाइली ठेवायच्याच कशाला. सिनेमाच्या गाण्यांपुरतं ते बरोबर आहे, मीही फोनवर ऐकतो. पण साखर पेठेतला तो पखवाज कुठल्या अ‍ॅपवर लावून दाखवा, मग बोलू.

हे सगळं विंडोजचं सांगितलंय. काही करण्याआधी पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, एमपीथ्रीटॅगही चुकीच्या क्लिकने नको ते लिहू शकतो. एमपीथ्रीचं फ्लॅक (आवाज जसाच्या तसा ठेवणारा फाइलप्रकार) करून आवाज सुधारत नाही, फक्त फाइल फुगते. कॅसेटीवरून घेणार असाल तर मात्र मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा. आणि पेनड्राइव्ह गाडीत लावणार असाल तर गाणी एक-एक करून क्रमाने कॉपी करा, कारण गाडीतले बरेचसे साधे प्लेअर नाव आणि टॅग दोन्ही सोडून ज्या क्रमाने फाइल ड्राइव्हवर आली त्याच क्रमाने वाजवतात.