वाचक विचारतात: ग्लासात रंगांचे थर टिकत का नाहीत?

प्रश्न: सुट्टीतल्या पार्टीला लाल, नारिंगी, निळा असा तीन थरांचं कॉकटेल करायचंय, पंधरा-वीस जण आहेत. ग्रेनाडीन (लाल गोड सिरप), त्यावर संत्र्याचा ज्यूस, त्यावर ब्लू क्युरासाओ (संत्र्याच्या सालीच्या चवीची गोड निळी दारू) असं ट्राय केलं, पण निळं सरळ खाली जातं आणि सगळं मातकट हिरवं होतं. चमच्यावरून ओतूनही तेच. हात हलका नाही म्हणून होतंय का?

उत्तर: हाताचा दोष नाही हो, साखरेचा आहे. ज्यात साखर जास्त ते जड, अल्कोहोल जास्त ते हलकं, बस. पाणी १ धरलं तर ग्रेनाडीन साधारण १.१८, ब्लू क्युरासाओ १.११ च्या आसपास, संत्र्याचा ज्यूस १.०४ आणि व्होडका ०.९५. म्हणजे क्युरासाओ ज्यूसपेक्षा जड, तो वर राहणारच नाही, कितीही जपून ओता. त्याला हलकं करायचं, १५ मिली क्युरासाओत ३० मिली व्होडका मिसळली की ते जवळपास पाण्याइतकं होतं आणि ज्यूसवर आरामात तरंगतं, रंगही फार फिका पडत नाही.

आता ओतायचं असं: तळाशी १५ मिली ग्रेनाडीन, मग ग्लास बर्फाने गच्च भरा (हे बरेच जण विसरतात, पण धार बर्फावर आपटली की तिचा जोर मोडतो, अर्धं काम तिथेच होतं), मग गाळलेला ज्यूस ९० मिली, चमचा उलटा धरून, टोक ग्लासच्या कडेला टेकवून, आणि शेवटी निळं, सगळ्यात हळू. निळं आणि नारिंगी भेटतात तिथे हिरवट पट्टा येतो, तो येऊ दे, छान दिसतो.

वीस जणांसाठी ग्रेनाडीन आधीच सगळ्या ग्लासांत घालून ठेवा, निळं मिश्रण जगमधे फ्रीजला, बर्फ आणि बाकीचं लोक आल्यावरच, कारण हे थर कायमचे नसतात, हळूहळू एकमेकांत उतरतातच. आणि फोटो झाले की ढवळून प्यायला सांगा, नाहीतर शेवटचा घोट नुसता पाक.

प्रश्न: दारू न पिणाऱ्यांसाठी काय?

उत्तर: लाल आणि नारिंगी तसंच ठेवा, फक्त ग्रेनाडीन बिनदारूचं आहे ना ते लेबलवर बघा. वरचा निळा थर मात्र बाजारातल्या निळ्या सिरपचा नको, तो बुडतो. गोकर्णाच्या फुलांचा चहा, बिनसाखरेचा आणि थंडगार, अगदी मस्त चालतो, शिवाय ज्यूसच्या आंबटपणामुळे तो जिथे टेकतो तिथे जांभळा होतो. चवीला काही खास नाही, खरं सांगायचं तर दिसण्यासाठीच.

प्रश्न: वर बेलीजचा (क्रीम घातलेली गोड दारू) पांढरट थर दिला तर?

उत्तर: ज्यूसवर नकोच, आंबट लागलं की त्यातलं क्रीम फाटतं. बेलीज आवडत असेल तर सरळ बी-५२ करा, छोट्या शॉट ग्लासात खाली कहलुआ (कॉफीची गोड दारू), मधे बेलीज, वर ग्रँड मार्निए (संत्र्याच्या चवीची दारू), तिन्ही सारख्या मापाने. थर कडक रेघ मारल्यासारखे येतात, आणि आंबट काहीच नसल्यामुळे फाटायची भीती नाही.