मूठभर तांदूळ, सोल-फा आणि ऐजॉलचा रविवार

मिझोराममधल्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांवर, म्हणजे त्या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चवर, गेल्या अंकात छोटे टिपण होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : मिझोराममध्ये बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यातून मंडळीचे काम चालते, असे वाचले. आमच्या मंडळीत साठ घरे आहेत. आम्हांला हे सुरू करता येईल का? गोळा कसे करायचे, विकायचे कुणाला, हिशेब कसा ठेवायचा?
– महिला मंडळाची चिटणीस, पुणे

सलाम ताई. मिझो भाषेत याला बुहफाइ थाम म्हणतात. मिझोरामची राजधानी ऐजॉल, तिथल्या मिशन वेंग भागातल्या मंडळीत १९१० साली याची सुरुवात झाली. लोकांच्या हातात पैसा नव्हता, भात मात्र रोज शिजत होता. म्हणून अर्पण तांदळातच घ्यायचे ठरले. शिजवायचा तांदूळ मापून घेतला की धुण्याआधी त्यातूनच एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. साठवणीच्या डब्यातून वेगळी मूठ काढायची नाही. आठवड्यातून एकदा महिला मंडळाच्या बायका आपापल्या वाटणीच्या घरांतून तांदूळ आणतात, तो विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

आता तुमचे गणित. कच्च्या तांदळाची एक मूठ साधारण ४० ग्रॅमची. दोन्ही वेळ भात शिजत असेल तर एका घराचे आठवड्याला ५६० ग्रॅम होतात आणि साठ घरांचे साडेतेहतीस किलो. पण पुण्याकडे बहुतेक घरांत भात एकदाच, तोही पोळी-भाकरीनंतर. म्हणजे सतरा किलो धरा. त्यातही सुट्ट्या, लग्नसराई, गावी गेलेली घरे वजा करा. ४५ रुपये भाव मिळाला तरी आठवड्याला सातशे-साडेसातशेच्या वर जाणार नाही. एवढ्यात पूर्णवेळ सेवकाचा पगार निघत नाही. एखाद्या वसतिगृहाला किंवा दोन-तीन अडचणीतल्या घरांना धान्यच पोचवायचे असेल, तर मात्र हा आकडा चांगला आहे. आमच्या मते तुम्ही विक्रीच्या भानगडीत न पडता सरळ धान्य द्यावे.

तरीही विकायचेच असेल तर खरी अडचण मिसळीची आहे. मिझोरामच्या एका वस्तीत सगळ्यांचा तांदूळ जवळपास सारखा असतो. तुमच्याकडे एका घरात इंद्रायणी, दुसऱ्यात कोलम, तिसऱ्यात बासमती तुकडा. हे एका पोत्यात पडले की इंद्रायणीचा गोळा होतो आणि कोलम टणक राहतो, कारण दोघांना पाणी वेगवेगळे लागते. जुना-नवा एकत्र झाला तरी तेच. असला तांदूळ भातासाठी कुणी दुसऱ्यांदा घेत नाही. तो घावन-इडलीच्या पिठालाच जातो आणि भाव पडतो. म्हणून गोळा करतानाच तीन पिशव्या ठेवा : चिकट, मोकळा, तुकडा.

रेशनचा तांदूळ विक्रीसाठी अजिबात घेऊ नका. त्या धान्याची खरेदी-विक्री कायद्याने चालत नाही, आणि चिटणीस म्हणून नाव तुमचे लागेल. त्या घरांकडून ज्वारी किंवा सुटे पैसे घ्या, पण अर्पणाची नोंद ठेवायचे कार्ड सगळ्यांना एकाच रंगाचे द्या. ज्वारी घ्यायची ती दाणाच, पीठ नको. बाजरीचे पीठ तर आठ दिवसांत कडू होते.

पोरकिडे होऊ नयेत म्हणून बऱ्याच घरांत तांदळाला बोरिक पावडर चोळतात. असा तांदूळ वसतिगृहात नीट न धुता शिजला तर पोरांच्या पोटात जाईल. मुठीचा डबा कोरडा, घट्ट झाकणाचा, वर कडुनिंबाची वाळलेली पाने. आठवड्याला उपसला तर एवढे पुरते. पावसाळ्यात दोन आठवडे राहिला की वास धरतो.

माणसांची वाटणी अशी करा : दहा घरांमागे दोघी, म्हणजे बारा जणी, आणि तीन महिन्यांनी बदल. गोळा करणारीने तोलू नये, तोलणारीने पैसे घेऊ नयेत. उपासनेनंतर सगळ्यांसमोर काट्यावर वजन करा, वहीत दोघींच्या सह्या घ्या, सोमवारी बँकेत भरा. वजन घरागणिक वाचून दाखवू नका, एकूणच वाचा. घरागणिक वाचलेत की चार महिन्यांत कमी देणारी घरे दार उघडायची थांबतात. आणि पैसा कशाला जाणार हे पहिल्या मुठीच्या आधी ठरवा. एकदा वीजबिलाला वापरला की बायका डबा विसरू लागतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

प्रश्न : शिलाँगहून एका स्नेह्याने चार आवाजांतली गीते पाठवली. त्यांत स्वरलिपीऐवजी नुसती d, r, m अशी अक्षरे आणि दोन टिंबे आहेत. आमच्या गायकवृंदाला पेटीवर बसवायची आहेत. कसे वाचायचे?
– गायनप्रमुख, अहिल्यानगर

तो टॉनिक सोल-फा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रुळवला, वेल्समध्ये घराघरांत गेला आणि वेल्श मिशनऱ्यांबरोबर खासी व मिझो टेकड्यांवर आला. तिथे खेड्यातला गायकही तो पाहून चार आवाजांत गातो.

तुम्हांला तो अर्धा येतोच. डो, रे, मी, फा, सो, ला, टी म्हणजे सा ते नी, आणि डो आपल्या सा सारखाच सरकता. माथ्यावर ‘की’ (key), म्हणजे गीताची पट्टी, दिलेली असते : जी असेल तर सा पांढरी पाच, एफ असेल तर पांढरी चार, ई फ्लॅट असेल तर काळी दोन, ए फ्लॅट असेल तर काळी चार. उभी रेघ म्हणजे आवर्तनाची हद्द, दोन टिंबे म्हणजे पुढची मात्रा, एक टिंब म्हणजे अर्धी मात्रा, आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवणे. अक्षराच्या वर उजवीकडे छोटी खूण असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र. ‘फे’ दिसला की तीव्र म, ‘टा’ दिसला की कोमल नी.

गाडी अडते ती उदास चालीच्या गीतांत. तिथे गीत ‘ला’वर बसते आणि ‘ला’वरच संपते. तुमचा पेटीवाला सवयीने त्या ‘ला’ला सा म्हणू लागेल, मग वाचताना ग, ध, नी सगळे कोमल होतात आणि अधूनमधून येणारा ‘से’ शुद्ध नी ठरतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका गीतात एकच धरा. आधी चारही आवाजांना वेगवेगळे, शब्दांशिवाय, अक्षरांवर म्हणायला लावा. शब्द घातले की मध्यम आवाजातले लोक हटकून वरच्या चालीकडे ओढले जातात.

प्रश्न : यजमानांची बदली ऐजॉलला झाली आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, मिझो भाषा येत नाही. शेजारात मिसळायचे कसे?
– एक वाचक, नाशिक

इनर लाइन परमिटची, म्हणजे मिझोरामात जायला लागणाऱ्या परवान्याची, चौकशी निघण्याआधीच कार्यालयात करा. भाजी, दूध, गॅस शनिवारीच बघा. रविवारी बाजार बंद असतो आणि टॅक्सीही मुश्किलीने मिळते. त्या दिवशी सगळी वस्ती मंडळीत असते. संडे स्कूलही फक्त मुलांचे नसते, आजी-आजोबांचेही वर्ग भरतात. तुम्ही गेलात तर आनंदाने बसवून घेतील, नाही गेलात तर कुणी विचारणार नाही.

पण शेजारी कुणी वारले तर मात्र जा. तिथे मयताचे घर एकटे सोडत नाहीत. तरुण कबर खणतात, रात्री लोक जमून ढोलाच्या संथ ठेक्यावर गातात, चहा फिरत राहतो. हे काम बहुतांशी यंग मिझो असोसिएशन पाहते. १९३५ साली स्थापन झालेली ही संस्था मंडळीचा भाग नाही, माणसे बरीचशी तीच असतात. तुम्ही फक्त जाऊन बसायचे. बोलता आले नाही तरी चालते. यजमानांना कुदळ धरता येत असेल तर उत्तमच. शेजारात तुमची ओळख होईल ती इथे.

थोरांच्या नावाआधी पुरुषाला ‘पू’, बाईला ‘पी’ लावा, आणि आभाराला ‘का लॉम ए’. शाकाहारी असाल तर नाताळच्या सामुदायिक जेवणाआधी सांगून ठेवा. ‘बाइ’ नावाची पालेभाजी दिसायला निव्वळ शाकाहारी असते, पण तिच्यात बहुधा डुकराची आंबवलेली चरबी असते.

प्रश्न : आमचे आजोबा स्वतःला प्रेसबिटेरियन म्हणवत. आमची मंडळी आता सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) आहे. मग ईशान्येतली मंडळी वेगळी का?
– एक वाचक, मिरज

तुमच्या भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, १८७० मध्ये ते काम प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले, आणि विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ काढले. उत्तर भारतातल्या प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये एक झाल्या, आणि त्या एकत्रित मंडळीसह इतर काही मंडळ्या मिळून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ईशान्येतली वेल्श परंपरेची मंडळी त्यात गेली नाही. ती वेगळी राहिली. आज तिचे नाव प्रेसबिटेरियन चर्च ऑफ इंडिया, मुख्य कार्यालय शिलाँगला.

कारभारातला फरक एवढाच की तुमच्याकडे बिशप आले, त्यांच्याकडे नाहीत. तिथे पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) एकत्र बसून ठरवतात. त्यावर प्रेसबिटरी, त्यावर सिनड, त्यावर जनरल असेंब्ली, अशा चढत्या सभा. तुमची पास्टोरेट कमिटी बरीचशी त्याच वळणाची आहे. आजोबांच्या काळातली इतिवृत्ते मंडळीच्या कपाटात असतील तर वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढून घ्या.