वाचकांचे प्रश्न : स्पेनचे शिलेदार?

प्रश्न : मध्ययुगीन स्पेनमध्ये सामान्य माणूस घोडेस्वार झाला तर त्याला सरदारकी मिळायची का? तो आपल्या शिलेदारासारखाच म्हणायचा का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घोडा स्वतःचा, इथपर्यंत शिलेदाराशी साम्य आहे. पण स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या या ‘काबायेरो विय्यानो’ला (सामान्य घोडेस्वाराला) मोबदला मुख्यतः करमाफी आणि लुटीतल्या वाट्याच्या रूपात मिळे. सरदारकी मात्र नाही. जन्माने तो सामान्यच. अपवाद इ.स. ९७४चा : कास्त्रोहेरिस या गावाच्या सनदेने तिथल्या अशा स्वारांना कनिष्ठ सरदारांचा दर्जा दिला.

कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या १२५६च्या सनदांत अटी नेमक्या आहेत. गावात कुटुंबासह नांदतं घर, किमान ३० मारावेदींचा (तिथलं नाणं) घोडा, ढाल, भाला, तलवार, लोखंडी टोप, साखळी चिलखत, वर कापूसभरला अंगरखा. खरा खर्च घोड्याचाच. तो नसला की माफीचा आधारच जाई. म्हणून अनेक गावांच्या सनदांत मोहिमेत मेलेल्या घोड्याची भरपाई लुटीतून होई. लुटीत राजाचा हिस्सा साधारण पाचवा. आणि बोलावणं आल्यावर घरी बसलेल्याला दंड!