'वाचलेलं लक्षातच राहत नाही' : एका वीसच्या नोटेची गोष्ट

"मॅडम, हिच्या डोक्याला कायतरी झालंय बघा. रात्री दोन-दोनपर्यंत वाचती, आन् सकाळी विचारलं की पाटी कोरी." खुर्चीत टेकायच्या आधीच आई बोलायला लागली होती. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, मुलगी बारावी सायन्सला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आईच्या पिशवीत ब्राह्मीच्या सिरपची बाटलीही होती.

असं कुणी आलं की मी आधी झोप, भूक, मन उदास असतं का, हे विचारून घेते. तिथं काही सापडलं तर गोष्ट वेगळी. इथं झोप सोडली तर तसं काही नव्हतं. मग पुस्तक मागितलं. जीवशास्त्राच्या पानावर हायलायटरची नुसती रंगपंचमी.

"किती वेळा वाचलंस हे?"

"आठ-नऊ वेळा."

मी पुस्तक मिटलं. "आता सांग." दोन वाक्यांवर ती थांबली. डोळे भरले.

मी वडिलांकडे वळले. "दादा, वीसच्या नव्या नोटेच्या मागं कशाचं चित्र आहे?"

"गांधीजी."

"ते पुढं झाले."

"मग लाल किल्ला?" आई म्हणाली, मंगळयान. शेवटी वडिलांनी खिशातून नोट काढली. वेरूळचं लेणं! "आयला, रोज हातातनं जाती की ही," ते हसले. मुलगीही पहिल्यांदा हसली.

1979 मध्ये निकरसन आणि अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लोकांना त्यांचं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं. बहुतेकांना ते धड जमलं नाही. बघून ओळखणं आणि न बघता आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं. नवव्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि आपण त्या ओळखीलाच 'येतंय' समजतो. परीक्षेत मात्र पान समोर नसतं.

रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग मी पालकांना हमखास सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं.

जागरणाबद्दल मी जरा कडकच बोलले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग नव्या आठवणी धरून ठेवतो, आणि त्या पक्क्या व्हायचं बरंच काम झोपेत चालतं. दोनपर्यंत जागून ही पोरगी आपल्याच अभ्यासावर पाणी ओतत होती. सिरपबद्दल एवढंच म्हटलं, की ते झोपेची जागा घेणार नाही.

ठरलं ते साधं होतं. एक पान वाचायचं, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, सुटलेलं लाल पेनानं भरायचं. तेच पान पुन्हा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठवड्यानं. अकराला दिवा बंद.

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. पहिले चार दिवस रडू यायचं म्हणाली, कागद अर्धा कोराच राहायचा. आता रात्री भाकरी खाताना वडील पुस्तक हातात धरून तिला बोलायला लावतात. "त्यांना त्यातलं काही कळत नाही हो मॅडम. पण मी कुठं अडले ते बरोबर कळतं. म्हणतात, मागाचा आवाज बदलला की कळतं तसं."

आईनं बाटली मात्र संपवायला लावलीय. पैसे मोजलेत म्हणे.