कुंडीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की रोप हिरवंगार आहे, कुंडी दहा इंची आहे, अंड्याची टरफलं घालून झाली, बुरशीनाशकही फवारलं, तरी जवळजवळ प्रत्येक फळ खालून काळं पडतंय. आधी ते फवारणं थांबवा. हा बुरशीचा रोग नाही.

माझ्या पुण्यातल्या गच्चीवर पहिल्या वर्षी हेच झालं होतं. पहिला घोस पूर्ण वाया गेला आणि फार वाईट वाटलं. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तिथल्या पेशी मरतात. पण मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते मुळांपासून वर चढतं ते पाण्याबरोबर. दुपारी कुंडी कोरडी पडली की ही वाहतूकच थांबते. त्यातही पाण्याचा मोठा वाटा पानं ओढून घेतात आणि फळाचं बूड उपाशी राहतं. टरफलं मातीत मुरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे या हंगामात त्यांचा उपयोग नाही.

दहा इंची कुंडी फळांवर आलेल्या टोमॅटोला अपुरीच आहे. तरी आता रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मुळं दुखावतील. रोज सकाळी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं की खालच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्या. कडक ऊन असेल तर संध्याकाळी पुन्हा. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर, हे सगळ्यात घातक. मातीवर दोन इंच सुका पाचोळा पसरा, नारळाच्या शेंड्याही चालतात. मला सर्वांत जास्त फरक या पाचोळ्यानेच दिसला.

युरिया घालत असाल तर बंद करा. त्याने पानं माजतात आणि फळाच्या वाट्याचं पाणी तीच पितात. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे.

काळी फळं काढून टाका, ती सुधारणार नाहीत. कुजलेली नसतील तर काळा भाग कापून उरलेलं आमटीत घालायला हरकत नाही.

पुढच्या वेळी रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्या, स्वच्छ धुवा आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. बी सप्टेंबरात टाका, म्हणजे फळं थंडीत धरतील. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, म्हणून एप्रिल-मेचा नाद करू नका. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल गाडा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ हे टोमॅटोचं वाण मिळालं तर जरूर लावा, पानं मुरडणाऱ्या विषाणूला ते दाद देत नाही.

आत्ता वाटाण्याएवढी असलेली फळं मात्र वाचू शकतात. पाणी आजपासूनच नेमाने सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांची बुडं बघून मला नक्की कळवा.