खालचा हात

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

अथणीच्या लॉजमधून रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मजकूर मी सकाळी वाचला आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा वाचला. चौदा वर्षांचा कुत्रा रात्रभर घरात फिरतो आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. त्याला खानापूरकडच्या शेतावर गड्याजवळ सोडून यावे असे आई म्हणते. आजीने अर्धवट ठेवलेली वाकळ शहापूरचा शिंपी एका दिवसात मशीनवर मारून देतो म्हणतो. आणि साखर कारखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करायच्या नोकरीत गळीत हंगाम तुला मार्चपर्यंत घरी टिकू देणार नाही. तेव्हा नोकरी सोडू का, असे तू शेवटी विचारले आहेस. मला या सगळ्यांत एकच प्रश्न दिसतो, आणि त्याचे उत्तर तुझ्या आजीने तुला दहाव्या वर्षी दाखवलेले आहे. तू तिला सुया ओवून देत होतास तेव्हा तिचा डावा हात कुठे असायचा, ते आठव.

तो वाकळीच्या खाली असायचा. वरचा हात सुई खुपसतो, तो सर्वांना दिसतो आणि त्याचेच कौतुक होते. खालच्या हाताच्या बोटाला टोक टोचले, की टाका सगळ्या थरांतून गेला असे समजायचे आणि सुई वर परतवायची. आपल्याकडच्या वाकळीत जुनी धोतरे, लुगडी, फाटकी चादर असे पाच-सहा थर सहज असतात. वरून धावदोरा सुरेख दिसतो, परंतु खालच्या दोन थरांना तो लागलाच नसेल, तर पहिल्या धुण्यातच आतले कापड गोळा होऊन एका बाजूला बसते. मग कानडी शेजारीण ज्याला कौदी म्हणते आणि आपण वाकळ म्हणतो, ते पांघरूण न राहता गाठोडे होते. म्हणून सांगतो, खालचा हात काढू नकोस. हीच गोष्ट या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल. कंटाळा आला तरी वाच.

आधी शिंप्याचे बोलू, कारण ते थोडक्यात आटोपते. त्याला वाकळ देऊ नकोस. त्याचा हात वाईट आहे म्हणून नव्हे. एवढ्या जाडीवर मशीन चालवले की वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो आणि मध्ये चुण्या पडतात. शिवाय तीस वर्षे वापरून विरलेल्या सुतावर मशीनची सुई जवळजवळ भोके पाडत जाते आणि पुढे कापड त्याच रेषेवर फाटते. तुझ्या आजीने त्यात तिचे इरकली लुगडे घातले आहे. इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती असतो आणि टोपपदराचा, म्हणजे वेगळ्या जोडलेल्या पदराचा, रेशमी. हे दोन्ही ताणे मागावरच फासे घालून जोडलेले असतात, त्यामुळे त्या सांध्यावर हाताच्या सुईलासुद्धा जरा थांबावे लागते. तिथे थांबायचे हे मशीनला कोण सांगणार? हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या वाकळीला, काठापासून सुरुवात करून फेऱ्या घालत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचूनची कवंदी त्यांना उघडी वाटते. तुझ्या आजीची रीत वेगळी होती. ती मधून निघाली होती आणि तिचे दोन कोपरे राहून गेले. ते तूच भर. तुझे टाके वाकडे येतील आणि तिच्या टाक्यांशेजारी ते लगेच ओळखू येतील. येऊ देत. सुरुवात करण्यापूर्वी जे काही नवे कापड जोडणार असशील, ते दोनदा धुऊन घे, नाहीतर ते नंतर आटते आणि जुन्याला ओढते.

कुत्रा वाकळीवर येऊन बसतो आणि केस पडतात, अशी तक्रारही तू केली आहेस. बाबा रे, पंचवीस वर्षे ज्या बाईने त्याच्या आधीच्या कुत्र्यांना आणि त्याला भाकरी घातली, तिचा वास त्या घरात आता फक्त त्या कापडाला उरला असेल. तो जाईल कुठे? तो बसला असेल तेवढा भाग सोडून दुसऱ्या कोपऱ्यावर शीव.

आता नोकरी. मी १९८८ साली या धंद्यात आलो तेव्हा कारखान्यांवर लिव्हरचे काटे होते, पुढे वजनाचा दाब विजेच्या संकेतात बदलणारे लोडसेल आले आणि आकडा दिव्यांनी दिसू लागला. तेव्हापासून तुझ्या पिढीची अशी समजूत झाली आहे की केबिनमध्ये बसून आकडा शून्यावर आणला की काटा दुरुस्त झाला. काट्याचे खरे दुखणे, गाडी जिच्यावर उभी राहते त्या प्लॅटफॉर्मच्या खालच्या खड्ड्यात असते. हंगामात गाड्यांच्या चाकांबरोबर आलेला चिखल, पाचट, एखादा दगड खाली पडतो आणि प्लॅटफॉर्म व खड्ड्याची भिंत यांच्या फटीत अडकतो. मग काही वजन त्या भिंतीवरच टेकते आणि शेतकऱ्याचा ऊस कागदावर कमी भरतो. बाहेर काटामारीची ओरड होते. काटामारी कुठेच होत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु कित्येकदा चोर म्हणून मला खड्ड्यात चिखलच सापडला आहे. वीस-वीस किलोची वजने चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने ठेवून पाहिल्याशिवाय, आणि त्यानंतर स्वतः खाली उतरून हात फिरवल्याशिवाय, मी कधी कागदावर सही केली नाही. थंडीत पहाटे त्या खड्ड्यात उतरणे किती नकोसे असते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तिथे तुझ्यासारख्या मुलाची गरज आहे. नोकरी सोडलीस तर तुझ्या जागी केबिनमध्ये बसणारा येईल.

आणि कुत्र्याला शेतावर सोडायचा विषय पुन्हा काढू नकोस. ज्याला कमी दिसते, कमी ऐकू येते, तो घरातला प्रत्येक उंबरा पायांनी ओळखतो. ते घर काढून घेतलेस तर त्याच्याजवळ काय उरते? रात्री फिरणे, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, दिवसा झोपणे ही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूची झीज असू शकते. परंतु सांधे दुखत असले तरी कुत्रा रात्री असाच बेचैन होतो. म्हणून एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखव. तोवर रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा आणि घरातले सामान इकडचे तिकडे हलवू नका. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, तिथे गोणपाट अंथरा. मागून जाऊन एकदम हात लावू नका, आधी जमिनीवर पाय आपटा, म्हणजे हादरा त्याला कळतो. डोळे निळसर झाले म्हणून लगेच मोतीबिंदू समजू नकोस. वयानुसार डोळ्यातले भिंग घट्ट होते तेव्हाही ते निळसर दिसते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहते. फरक डॉक्टरच सांगतील.

परंतु रोजचे काम डॉक्टरांचे नाही, ते खालच्या हाताचे आहे. रोज एकदा हात त्याच्या छातीखाली घाल, पोटाखालून मागे ने, बरगड्या मोज, पाठीच्या मणक्यांवर बोटे फिरव, काखेत आणि जांघेत गाठ लागते का बघ, पायांच्या बोटांमध्ये बघ. हिवाळ्यात अंगावर केस दाट असतात, आणि केसांवरून बघणाऱ्याला कुत्रा गुबगुबीतच दिसतो.

हे मला कसे कळले, ते तुला मी कधी सांगितलेले नाही. आमचा खंड्या तुझ्या लहानपणी आमच्या दारात बसायचा, तो तुला आठवत असेल. २००८ च्या हिवाळ्यात तो तेरा वर्षांचा होता. हंगाम सुरू होण्याच्या सुमारास तो मागच्या पायाने लंगडू लागला. माझ्या प्रवासाच्या पिशवीत माझ्या गुडघ्यांची वेदनाशामक गोळी असायची. मी ती अर्धी करून गुळात घालून त्याला दिली. दुसऱ्या दिवशी तो बरा चालला, म्हणून आणखी चार दिवस दिली आणि गोळ्यांची पट्टी घरी ठेवून मी मिरजेच्या गाडीत बसलो. पुढे मी रोज रात्री फोन करून विचारत असे, खंड्या कसा आहे? घरचे सांगत, जेवला, झोपला, पाणी तर हल्ली भरपूर पितो. मलाही वाटले, पाणी पितो म्हणजे तब्येत ठणठणीत. अकरा दिवसांनी मी परतलो आणि त्याच्या पोटाखाली हात घातला, तेव्हा हाताला नुसती हाडे लागली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे गेली आहेत, म्हणून तो इतके पाणी पितो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात, हेही त्यांनी सांगितले. गोळीनेच हे झाले असे काही ते म्हणाले नाहीत. वयही झालेच होते, हे तूही मान्य करशील.

तिसऱ्या दिवशी कृष्णाकाठच्या एका कारखान्यावरून फोन आला. काटा बंद पडला होता आणि रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली होती. मी गेलो. लोक मला आजही विचारतात की का गेलास, आणि मी आजही सांगतो की गेलो ते बरोबर केले. रात्रभर जू मानेवर घेऊन थंडीत उभ्या राहिलेल्या त्या बैलांनी काय पाप केले होते? तोडलेला ऊस ताटकळत राहिला की सुकून हलका होतो, हे नुकसान गाडीवानाचे नव्हे तर काय माझे होते? मी पहाटे चारपर्यंत त्या खड्ड्यात होतो. खंड्या साधारण त्याच सुमारास गेला. मी घरी असतो तरी तो गेलाच असता. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितले आहे की त्यात आता माझी चूक शोधायला जागाच उरलेली नाही. चूक त्या रात्रीची नव्हतीच. त्याआधीचे अकरा दिवस मी फोनवर विश्वास ठेवला, आणि त्याच्याही आधी हात न लावता गोळी दिली, ती चूक होती. काट्याच्या बाबतीत मी जे एकदाही केले नाही, ते घरी केले.

म्हणून तुझ्या पिशवीतले औषध पिशवीतच राहू दे. घरी ठेवून जाऊ नकोस, आणि जाताना आईला तसे बजावून जा.

फोनवर आईला "कसा आहे" असे विचारू नकोस. "आज हात घातलास का, बरगड्या कालच्यापेक्षा जास्त लागतात का, पाण्याचे भांडे किती वेळा भरलेस" असे विचार. ती चिडेल, चिडू दे. तिला कुत्र्याच्या अंगाला हात लावायचा कंटाळा असेल तर धाकट्या भावाला शिकव, त्याला तसेही संध्याकाळी काही काम नसते.

प्रवासाचेही थोडे ऐक. निपाणी, संकेश्वर, हुक्केरीच्या बाजूला काम असेल तर रात्री घरी परत येता येते, तेव्हा लॉजचा आळस करू नकोस. अथणी-रायबागच्या बाजूला मुक्काम अटळ असला तरी तीन रात्रींच्या वर एक दौरा लांबवू नकोस. साहेब कुरकुर करतील, त्यांना माझे नाव सांग. कृष्णाकाठी सकाळी धुके असते आणि त्यात मागे लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यामुळे ऊन पडल्याशिवाय मोटारसायकल काढायची नाही. संकेश्वरजवळ एकदा उसाचे शेंडे माझ्या हेल्मेटला घासून गेले आहेत. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला निघालेल्या गाड्याही त्याच रस्त्यांवर असतात. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की बेळगावात लॉजला खोली मिळणे मुश्कील होते, तेव्हा बाहेरून येणाऱ्या तुझ्या सोबत्यांना घरीच उतरवून घे. त्यांच्यापैकी कोणाला तरी सुई धरता येत असेल.

या पत्राला उत्तर म्हणून आभार वगैरे लिहू नकोस, मला ते वाचायला आवडत नाही. शनिवारी घरी पोहोचलास की जेवायच्या आधी त्याच्या पोटाखाली हात घाल आणि हाताला काय लागले तेवढेच मला कळव.

तुझा,
काका

ता. क. कुत्रा वजनकाट्यावर स्थिर उभा राहत नाही, म्हणून त्याचे वजन करता येत नाही, असे तू मागे एकदा म्हणाला होतास. काट्याच्या धंद्यातल्या माणसाने असे म्हणावे? त्याला उचलून घे आणि काट्यावर उभा राहा, ही झाली भरलेली गाडी. मग त्याला खाली ठेवून एकटा उभा राहा, ही झाली रिकामी. दोन्हींतली वजाबाकी दर रविवारी वहीत लिही. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असू दे.